बिलावरची पांढरी रेघ : लेझर प्रिंटरचा दोष ओळखावा कसा?

२०२३ च्या पावसाळ्यात भिवंडीहून आमचे एक बिल पुण्याला गेले आणि त्या एका कागदाने वीस वर्षांच्या व्यवहारात जवळजवळ बिब्बा घातला. पार्टी अस्तराच्या कापडाची, जुनी आणि चोख. बिलात तीन प्रकारचे कोरे कापड होते. त्यातल्या एका ओळीत १,८४० मीटर, दर ३१ रुपये, रक्कम ५७,०४० रुपये. आठवड्याने शेठजींचा फोन आला. एरवी पाऊस, बाजार, मुलेबाळे सगळे विचारून झाल्यावर कामाचे बोलणारा माणूस, त्या दिवशी एकदम म्हणाला, "शेठ, मीटर १,३४० लिहिलेत आणि पैसे १,८४० चे लावलेत. हा पाचशे मीटरचा हिशोब काय समजायचा?"

आवाज चढलेला नव्हता. त्याचेच आम्हाला जास्त वाईट वाटले.

फाइलीतली आमची प्रत काढली तर तिच्यावरही १,३४०! संगणकात मात्र साफ १,८४०. कागद खिडकीपाशी उजेडात धरला तेव्हा उलगडा झाला. पानावर वरपासून खालपर्यंत सुईच्या जाडीची एक पांढरी रेघ होती आणि ती नेमकी मीटरच्या रकान्यातून, शतकाच्या आकड्याच्या डाव्या कडेवरून गेली होती. इंग्रजी आकड्यातल्या आठाची डावी बाजू पुसली की उरतो तो तीन. बाकीच्या दोन ओळींत त्या जागी दोन आणि सात होते. ते थोडे लंगडे दिसत होते, पण वाचता येत होते. म्हणून कोणाच्याच लक्षात आले नाही.

माल गाठी न फोडता तसाच प्रोसेसला गेलेला, त्यामुळे तिकडे मोजमापही झाले नव्हते. शेवटी गोदामातल्या पोराने पेनाने लिहिलेली ताकावार यादी कामी आली. ती पाठवली, बेरीज जुळली, शेठजींनी मान्य केले. पण संपूर्ण बिलाचे पैसे तीन आठवडे अडकून राहिले आणि १५,५०० रुपयांच्या फरकापायी आमच्यासारख्याला आपली इमानदारी यादी लावून सिद्ध करावी लागली.

आता प्रिंटरकडे वळू. दुरुस्तीवाल्याला बोलावले. त्याने पान पाहिले न पाहिले आणि म्हणाला, "चाचा, काट्रिज गेलं." नवे काट्रिज घेतले. रेघ जागची हलली नाही. दुसऱ्या फेरीत तो म्हणाला, "मग फ्युजर असेल." फ्युजरची किंमत ऐकल्यावर आम्ही त्याला चहा पाजून परत पाठवला आणि स्वतः खुर्ची ओढून यंत्रापुढे बसलो. कापडाचा दोष ओळखण्यात ज्याची उमर गेली, त्याला कागदाचा दोष का ओळखता येऊ नये, एवढाच हट्ट होता.

आज आपल्या बहुतेक व्यापारी बंधूंच्या पेढीवर लेझर प्रिंटर आहे. १ एप्रिल २०१८ पासून परराज्यात जाणाऱ्या मालाला आणि त्याच वर्षी २५ मेपासून महाराष्ट्रातल्या मालालाही ई-वे बिल लागू झाले. १ ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटींवर उलाढाल असणाऱ्यांना ई-इनव्हॉइस आणि त्यावरचा चौकोनी क्यूआर कोड आला. ई-वे बिलाचा क्रमांक १२ अंकांचा, जीएसटी क्रमांक १५ अक्षरांचा. यातला एक आकडा फिका पडला तरी गाडीवाल्याला रस्त्यात जबाब द्यावा लागतो. तेव्हा हा विषय फक्त कारागिराचा राहिलेला नाही.

यंत्र काम कसे करते

दोष ओळखण्यापूर्वी कागदाचा प्रवास समजून घ्यावा. तो फार अवघड नाही. यंत्रात एक गोल नळा असतो, त्याला ड्रम म्हणतात. त्याच्यावर प्रकाशाला संवेदनशील असा मुलामा असतो. अंधारात त्याला चार्ज रोलर किंवा तार विजेचा भार देते. लेझरचा किरण जिथे अक्षर हवे तिथे पडतो आणि तेवढ्या जागेचा भार उतरतो. बहुतेक लहान प्रिंटरांत या उतरलेल्या जागेवरच टोनरची काळी पूड बसते. खालून कागद येतो. त्याच्या पाठीमागचा रोलर उलट भाराने पूड कागदावर ओढून घेतो. मग कागद फ्युजरमध्ये जातो, तिथे साधारण १८० ते २०० अंश उष्णता आणि दाब मिळून पूड वितळते आणि कागदात बसते. ड्रमवर उरलेली पूड एक रबरी पाते खरवडून काढते आणि पुढचा फेरा सुरू होतो.

या विद्येचा पहिला प्रयोग २२ ऑक्टोबर १९३८ रोजी न्यूयॉर्कच्या अस्टोरिया भागात चेस्टर कार्लसन यांनी केला. जस्ताच्या पत्र्यावर गंधकाचा थर होता आणि त्याला विजेचा भार देण्यासाठी तो चक्क कापडाच्या रुमालाने घासला होता. कापडवाल्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवायला हरकत नाही. पुढे झेरॉक्स कंपनीतील गॅरी स्टार्कवेदर यांनी त्याला लेझर जोडला आणि १९८४ मध्ये एचपीच्या लेझरजेटने तो दुकानाच्या टेबलावर आणला. या छोट्या यंत्राच्या पोटातले इंजिन कॅननचे होते.

दोष उभा की फिरून येणारा?

आता मुद्द्याची गोष्ट. मागावर फणीची काडी वाकली किंवा ताण्याची तार तुटली की कापडात उभी रेघ पडते आणि कोणी दुरुस्त करीपर्यंत ती वारभर, ताकाभर चालत राहते. छपाईच्या कापडाचे तसे नाही. आम्ही पूर्वी छापील माल घ्यायला प्रोसेस हाऊसमध्ये जात असू. तिथे रोटरी छपाईच्या जाळीच्या नळ्याला कुठे बारीक भोक पडले की रंगाचा ठिपका उमटे, आणि मोजले तर दर ६४ सेंटीमीटरवर तोच ठिपका पुन्हा हजर. कारण त्या नळ्याचा घेर तेवढा. मास्तर टेप लावत, ६४ आले की म्हणत, जाळी उतरवा. वेगळे माप आले की दुसरीकडे शोध घेत. वाद नाही, अंदाज नाही.

लेझर प्रिंटरमध्ये तंतोतंत हेच आहे. पानावर वरून खालपर्यंत अखंड उभी रेघ असेल, तर दोष बहुधा जागेवर स्थिर असलेल्या वस्तूत आहे, जसे काच, आरसा, पाते, तार. ड्रमला चोहीकडून गोल ओरखडा पडला तरी तशीच रेघ येते, तेवढा अपवाद ध्यानात ठेवावा. आणि ठिपका, डाग किंवा पुसट जागा ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा येत असेल, तर दोष फिरणाऱ्या वस्तूत आहे आणि ते अंतर म्हणजेच त्या वस्तूचा घेर. व्यास गुणिले ३.१४, हे गणित शाळेतच झालेले आहे.

मोजण्याची रीत अशी. एक ठिपका आणि त्याच्या खालचा ठिपका एवढ्यावर भागवू नये. चार ठिपके सापडले तर पहिल्यापासून चौथ्यापर्यंत मोजून तीनने भागावे, म्हणजे डोळ्याची चूक कमी होते. शिंप्याचा टेप ढिला असतो, पोलादी पट्टी घ्यावी. एचपीच्या १२ए, ८८ए अशा आपल्याकडे सर्रास चालणाऱ्या काट्रिजमध्ये ड्रम २४ मिलिमीटर व्यासाचा असतो, म्हणून ड्रमचा डाग दर ७५ मिलिमीटरवर येतो. यातल्या १२ए काट्रिजमधल्या चार्ज रोलरचा डाग दर ३८ मिलिमीटरवर. ब्रदर कंपनीच्या अनेक मॉडेलांच्या पुस्तिकेत ड्रमसाठी ९४ मिलिमीटर हे माप दिले आहे. फ्युजरच्या आणि इतर रोलरांची मापे मॉडेलप्रमाणे बदलतात. त्यांचा तक्ता सर्व्हिस पुस्तिकेत असतो, तो दुरुस्तीवाल्याकडून एकदा मागून घ्यावा. ज्याच्याकडे तक्ता नाही आणि जो दाखवायला कां-कूं करतो, त्याच्या हाती यंत्र द्यावे की नाही हे ज्याचे त्याने ठरवावे.

आमच्या शेजारच्या गाळ्यात दोन महिन्यांनी असेच काळे ठिपके येऊ लागले. कारागीर म्हणाला फ्युजर. आम्ही पट्टी लावली, ७५ भरले. त्याच्यासमोर दुसऱ्या पेढीतले चालू काट्रिज आणून बसवले आणि ठिपके गेले. तो भला माणूस होता, हसला आणि म्हणाला, "चाचा, तुम्ही आमचा धंदा बसवणार." असे म्हणणारा कारागीर आम्हाला आवडतो. सगळेच फसवतात असे आम्ही म्हणत नाही. पुष्कळदा बिचाऱ्याला घाई असते आणि भाग बदलणे हे शोधण्यापेक्षा सोपे असते.

आमच्या पांढऱ्या रेघेचे कारण

आता आमची रेघ. नवे काट्रिज घालूनही ती त्याच जागी राहिली, याचा अर्थ दोष काट्रिजमध्ये नव्हता. एवढे आम्हाला आधीच सुचले असते तर काट्रिजचे पैसे वाचले असते, कारण उसने काट्रिज घालूनही हीच परीक्षा झाली असती. उभी अखंड रेघ, म्हणजे स्थिर वस्तू. पांढरी रेघ, म्हणजे तिथे लेझर पोहोचत नाही किंवा पूड पोहोचत नाही. पूड काट्रिजमधून येते, ते तर नवे. उरला लेझरचा रस्ता. यंत्र बंद करून, थंड होऊ देऊन, काट्रिज काढून विजेरीने आत पाहिले. लेझर जिथून बाहेर येतो त्या लांबट काचेवर रुईचा एक तंतू आडवा होऊन चिकटलेला होता. दमट हवेने तो काचेला जणू डिंकाने लावल्यासारखा बसला होता.

कसूर आमचीच. प्रिंटर आम्ही गोदामाच्या दारात, ताके फोडून पाहण्याच्या टेबलाशेजारी ठेवला होता. ज्या शहरात मागाची धूळ श्वासातून जाते, तिथे यंत्रातही जाणारच. मऊ, सुके, तंतू न सोडणारे कापड घेऊन काच एकाच दिशेने पुसली आणि रेघ गेली. काही मॉडेलांत ही काच झाकण उघडताच दिसते आणि पुसण्याची रीत पुस्तिकेतच असते. काहींत आरसा आतल्या बंद पेटीत असतो. ती पेटी आपण उघडू नये, लेझर डोळ्याला घातक आहे. पण कारागिराला "आधी काच-आरसा साफ करा" एवढे तरी सांगता येते.

पांढऱ्या रेघेचे दुसरे कारण काट्रिज रिकामे होत येणे. तेव्हा काट्रिज काढून आडवे धरून डावीकडून उजवीकडे पाच-सहा वेळा हलवावे. रेघ गेली किंवा जागा बदलली तर पूड संपत आली आहे असे समजावे. त्यावर काही पाने निघतात, बाजारातून नवे येईपर्यंत काम भागते.

काळी उभी रेघ ही निराळी गोष्ट. ती बहुधा ड्रमवरच्या ओरखड्याने किंवा खरवडणाऱ्या पात्याच्या कडेला खाच पडल्याने येते आणि त्याला काट्रिज अथवा ड्रम बदलण्यावाचून इलाज नसतो. ब्रदरच्या ज्या यंत्रांत चार्ज देणारी तार असते, तिथे मात्र आधी तार साफ करून पाहावी. ड्रमवर एक छोटी सरकपट्टी असते, ती दोन्ही बाजूंना अनेक वेळा सरकवायची आणि खुणेच्या जागी परत आणून ठेवायची. ती मधेच राहिली तर पानावर उभा काळा पट्टा येतो आणि माणूस साफ करून उलट दोष वाढवल्याचे पाहून घाबरतो.

ज्यांचे यंत्र झेरॉक्सही काढते, त्यांनी एक फरक पाहावा. झेरॉक्समध्ये रेघ येते पण संगणकावरून काढलेल्या पानात येत नाही, तर ड्रम, टोनर, फ्युजर सगळे निर्दोष आहेत. कागद वरून आपोआप ओढला जातो तिथल्या अरुंद काचेवर एखादा कण बसलेला असतो. नखाएवढ्या कणापायी ड्रम बदलल्याचे आम्ही पाहिले आहे.

अक्षर पुसले जाते तेव्हा

छापलेले अक्षर बोटाने चोळले की हाताला काळे लागते, ही तक्रार फ्युजरची. तरी लगेच फ्युजर बदलू नये. संगणकात कागदाचा प्रकार पातळ ठेवून जाड कार्ड छापले की उष्णता कमी पडते. सेटिंग जाड कागदाचे करावे. विजेचा दाब कमी असला तरी तसेच होते. आणि लेझर प्रिंटर छोट्या यूपीएसवर कधी लावू नये. फ्युजर तापताना एकदम भरपूर वीज ओढतो, ती देणे त्या डब्याच्या ताकदीबाहेरचे असते. हे सगळे ठीक असूनही अक्षर पुसले गेले तर मग फ्युजरच.

पान फिके असेल तर कारण शोधण्याची एक जुनी युक्ती आहे. छपाईचा हुकूम द्यावा आणि कागद अर्ध्या वाटेवर, फ्युजरमध्ये शिरण्यापूर्वी, झाकण उघडून यंत्र थांबवावे. काट्रिज काढून कागद पाहावा. ड्रमवर अक्षर गडद आणि कागदावर फिके, तर पूड कागदावर नीट उतरत नाही. ड्रमवरच फिके, तर दोष काट्रिजचा किंवा लेझरचा. कागदावर फ्युजरपूर्वी अक्षर सुबक आणि बाहेर आल्यावर फरपटलेले, तर फ्युजर. मात्र फ्युजरला हात लावू नये, चटका बसतो. ड्रमला बोट लावू नये आणि तो उजेडात ठेवू नये, लगेच कापडाने झाकावा. कागदावरची ती पूड कच्ची असते. कपड्यावर सांडली तर झटकून, थंड पाण्याने धुवावी. गरम पाणी लावले की ती कापडात पक्की बसते, मग धोब्याशी भांडून उपयोग नाही. घरातल्या साध्या व्हॅक्यूमनेही ती ओढू नये, इतकी बारीक असते की पिशवीतून आरपार येते.

फिकेपणाची दोन साधी कारणे आधी पाहावीत. टोनर वाचवण्याची सेटिंग कोणी चालू ठेवली आहे काय, आणि यंत्राच्या स्वतःच्या बटणावरून काढलेले चाचणी-पान कसे येते. ते पान गडद आले तर दोष यंत्रात नाही, संगणकात आहे.

पावसाळ्याचा वेगळा धडा आहे. कागद ओला झाला की भार धरून ठेवत नाही. पूड नीट ओढली जात नाही, पान ठिकठिकाणी पुसट येते आणि बाहेर पडताना वळते. भिवंडीच्या जुलैमध्ये उघडा ठेवलेला रीम दोन दिवसांत मऊ पडतो. आम्ही आता लागतील तेवढीच पाने ट्रेमध्ये घालतो, उरलेला रीम त्याच्याच वेष्टनात गुंडाळून कपाटात. यासाठी कुठलाही भाग विकत घ्यावा लागला नाही.

टोनर पुन्हा भरण्याविषयी लोक विचारतात. आम्हीही भरतो. पण पान राखाडी दिसू लागले, कोऱ्या जागेवर धुरकट झाक आली, तर समजावे की पूड त्या मॉडेलची नाही, किंवा ड्रमचा मुलामा झिजला आहे, किंवा खरवडलेली टाकाऊ पूड साठवायचा कप्पा भरला आहे. भरणाऱ्याने तो कप्पा रिकामा केला का, हे विचारायला लाजू नये. क्यूआर कोड छापणाऱ्यांनी तर या धुरकटपणाकडे काणाडोळा करूच नये. माणूस अंदाजाने वाचतो, यंत्र वाचत नाही.

आमच्या प्रिंटरच्या झाकणाला आतून आता एक चिठ्ठी चिकटवलेली आहे : ड्रम ७५, चार्ज रोलर ३८. शेजारी पट्टी दोऱ्याने बांधली आहे. नवे काट्रिज बसवले की पहिले पान तारीख घालून फाइलीत जाते. पुढे शंका आली की ते पान काढून शेजारी धरायचे. प्रिंटर टेबलापासून हलवून आतल्या खोलीत, पडद्यामागे नेला आहे.

पुण्याच्या शेठजींनी मागच्या खेपेला एक सूचना केली, ती आम्ही लगेच अमलात आणली. बिलात मीटर आता आकड्यांखाली अक्षरीही छापतो, जसे चेकवर लिहितात तसे. जागा थोडी जास्त जाते.